फुकेतला यॉटवर जाताय? टीशर्ट घेतला का?

दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला निघालेली मंडळी विचारतायत यॉटच्या दिवसाला काय काय न्यायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पासपोर्ट, टॉवेल, गॉगल वगैरे सांगत बसत नाही.

पोहायचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. हे पहिलं, आणि बडोद्यातूनच घ्या, तिकडे ऐनवेळी मापाचा शोधत बसू नका. आपण मे महिन्यात ४२ डिग्रीत रावपुऱ्यात स्कूटर हाकणारी माणसं, आपल्याला काय ऊन लागणार असं मलाही वाटलं होतं, पण पाण्यावर वारा असतो त्यामुळे भाजतंय ते कळतच नाही, त्यात स्नॉर्केलिंगला तोंड पाण्यात आणि पाठ वर, माणूस मासे बघत अर्धा अर्धा तास तसाच तरंगतो. त्या रात्री बनियन अंगाला सहन होईना आणि परतीच्या विमानात पाठ टेकता येईना. खांदे, मान, गुडघ्यांची मागची बाजू, सगळं लालभडक. तेव्हा खाली लेगिंगपण घ्या.

'सनस्क्रीन आहे की' म्हणू नका. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, लावलेलं पाण्यात निघून जातं, वर थायलंडच्या नॅशनल पार्कांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असले चार घटक असलेली क्रीमं २०२१ पासून बंद आहेत, प्रवाळाला इजा होते म्हणून, आणि दंड एक लाख बाथपर्यंत. ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचून झिंक ऑक्साइडवालं घ्या. ते तोंडाला. पाठीला टीशर्टच.

सापुताऱ्याच्या घाटात ज्यांना उलट्या होतात त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी ठेवा, आणि ती बोटीत चढायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन काय उपयोग? बोट निवडता येत असेल तर कॅटामरान, म्हणजे शेजारी शेजारी दोन सांगाडे असलेली बोट घ्या, कमी डोलते. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो, पावसाळ्यात स्वस्त पॅकेज दिसलं म्हणून उड्या मारू नका, आणि फी फी बेटांवरचा तो प्रसिद्ध किनारा, माया बे, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंदच असतो. उघडा असला तरी तिथे पोहू देत नाहीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे, बस.

फोनचं वॉटरप्रूफ पाऊच आधी घरी तपासा, आत फोनऐवजी टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून ठेवा, कोपरा जरी ओला झाला तरी ते पाऊच फेकून द्या. चाकांची बॅग नको, मऊ पिशवी न्या. डेकवर अनवाणीच फिरायचं असतं, त्यामुळे भारी बूट हॉटेलवर ठेवा. थेपले, खाखरे खुशाल न्या, शाकाहारी जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, पण शेव माशांना टाकायची नाही, पार्कात मनाई आहे, आणि पोरांच्या आधी आपले काकाच टाकतात. बोटीच्या संडासात कागद टाकू नका, तुंबतो.

बाकी पार्कच्या फीसाठी सुटे बाथ, एक जोडी कोरडे कपडे, परतीची गाडी ठरवून ठेवलेली. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते बुक करतानाच विचारा, मोठ्यांचं डोक्यावरून निघून येतं. आणि मुलांचेही टीशर्ट, पूर्ण बाह्यांचे.