जुनी गाडी देऊन नवी घेताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या तोंडावर सोयाबीनची पट्टी हातात पडली की लातूर, नांदेड, जालन्याच्या शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. माळेगावच्या यात्रेत दात बघितल्याशिवाय, जोडी चालवून बघितल्याशिवाय बैलाचा भाव न बोलणारी आमच्याकडची जाणती माणसं तिथं गेली की पहिल्याच आकड्याला मान डोलावतात. आमच्या घरात हे घडलं, म्हणून पोटतिडकीनं लिहितेय.

दोन सौदे एकत्र करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बसल्या बसल्या सेल्समन विचारतो, “साहेब, जुनी गाडी द्यायचीय का?” आपण हो म्हणतो. तिथून पुढं नव्या गाडीची सूट, जुनीचा भाव आणि एक्सचेंज बोनस (जुनी दिली म्हणून भावावर मिळणारी जादा रक्कम) यांचा असा काला होतो की कुठं मिळालं आणि कुठं गेलं ते कळतच नाही.

आमच्या अण्णांना ४० हजारांचा बोनस मिळाला, त्याचा घरभर आनंद. जुन्या गाडीचे शोरूमनं २ लाख ३० हजार धरले होते, म्हणजे बोनससकट २ लाख ७० हजार. आठच दिवस आधी गावातला एक जण त्याच गाडीचे रोख पावणेतीन लाख द्यायला तयार होता! बोनस आमच्याच खिशातून आला होता.

म्हणून आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी जुनी गाडी दाखवून तिचा भाव काढा. शोरूममध्ये तिचं नाव न काढता नवीचा भाव कागदावर घ्या. जुनीचा विषय त्यानंतर. शेवटी एकच प्रश्न विचारा: “जुनी ठेवून घ्या, वर किती द्यायचे?” दोन शोरूमचा हा वरचा आकडा शेजारी शेजारी ठेवला की बोनसचं खरं-खोटं लगेच दिसतं.

ऑन-रोड आकड्यावर घासाघीस

ऑन-रोड म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा खर्च. त्यात टॅक्सही असतो आणि तो सरकारचा. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. पासिंग एमएच २० असो की एमएच २४, दर तोच. त्यात कुणीच सूट देऊ शकत नाही. एक्स-शोरूमवरची (टॅक्स-विमा धरायच्या आधीच्या किमतीवरची) सूट, ॲक्सेसरीज आणि विमा, बोलणी होतात ती यांवर. ‘हँडलिंग’च्या नावानं काही लावलं असेल तर ते काढायलाच सांगा.

विम्याकडं फार कमी जण बघतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा दर काढून न्या. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याची भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

“हप्ता किती बसंल?”

हा प्रश्न आधी विचारलात की भाव बाजूला पडतो. मुदत वाढवून कुठलाही हप्ता लहान करता येतो. ‘फ्लॅट’ व्याजापासून तर जपाच; त्यात कर्ज फिटत आलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच लागतं. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट, पाच वर्षांसाठी: व्याज २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो.

ऐन मुहूर्तावर भाव करणं

पितृपंधरवड्यात शोरूम रिकामी असते. भाव तेव्हा ठरवा, गाडी दसऱ्याला घरी आणा. इसाराच्या पावतीवर मॉडेल, रंग, गाडी बनल्याचा महिना-वर्ष, ठरलेली सूट आणि इसार परत मिळण्याची अट लिहून घ्या. तोंडी शब्द डिलिव्हरीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

जुनी गाडी देऊन मोकळं होणं

कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) सह्या करून लोक चावी देतात. पण आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. डीलर आरटीओचा अधिकृत असेल तर गाडी ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी भरून करता येते. ती झाल्याशिवाय चावी देऊ नका. तारीख-वेळ टाकलेली, शिक्क्याची पोचही घ्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा.

गाडी देऊन बसला असाल तर आजच एमपरिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून बघा. नाव अजून तुमचंच दिसत असेल तर पोचेची प्रत जोडून डीलरला आणि आरटीओला लेखी कळवा. डीलर दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि जुन्या गाडीचा फास्टॅग बंद केलाय का तेही बघा, नाहीतर ती गाडी दुसरा चालवील आणि टोल तुमच्या खात्यातून कटत राहील.