आरसीसीबीचा ट्रिप टाइम वाचताना

आरसीसीबी म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारी सुरक्षा-कळ, आणि ट्रिप टाइम म्हणजे ती पडायला, म्हणजे बंद व्हायला, लागणारा वेळ. ३० मिलिअँपिअरच्या साध्या आरसीसीबीवर एकपट, म्हणजे ३० मिलिअँपिअरच, गळतीचा करंट टाकला आणि टेस्टरने २८ मिलिसेकंद दाखवले, की बहुतेक जण वहीत आकडा लिहून पुढे जातात. इथे मर्यादा ३०० ची आहे, म्हणून २१० आले तरी कागदावर ती पासच. पण शेजारच्या तशाच आरसीसीबी तिशीच्या आत पडत असतील, तर या २१० वर माझा भरवसा बसत नाही. टेस्ट बटण चार-पाच वेळा दाबून पुन्हा मोजा. वेळ एकदम खाली आला, तर आतली यंत्रणा जाम झाली होती असं समजा. तरीही पहिलाच आकडा नोंदवा, कारण खरा दोष आला असता तेव्हा तोच वेळ लागला असता.

पाचपट करंटला, म्हणजे १५० मिलिअँपिअरला, ४० मिलिसेकंदांच्या आत पडायलाच हवी. ० आणि १८० अंश, म्हणजे एसी लाटेच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाची सुरुवात, दोन्हीकडून मोजा आणि मोठा आकडा धरा.

अर्ध्या करंटला उलटा हिशोब: स्क्रीनवर वेळेऐवजी ‘मर्यादेपेक्षा जास्त’ची खूण आली, तर ती पास. नवशिके इथेच गडबडतात. १५ मिलिअँपिअरलाच पडली तर लगेच बदलू नका. आधी लोड काढा. उपकरणांची गळती त्यात मिसळलेली असते.

एस टाइप, म्हणजे मुद्दाम उशिरा पडणारी आरसीसीबी, असेल तर एकपटला १३० ते ५०० मिलिसेकंद. तिथे ३५ आले, तर आधी डब्यावरची एसची खूण पुन्हा बघा.