डिस्क दिसत नाही म्हटल्यावर

डिप्लोमा करून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा ‘डिस्क दिसत नाही’ याचा मला एकच अर्थ माहीत होता: डिस्क गेली. पहिल्याच महिन्यात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचा पीसी आला. चालू केला की काळ्या पडद्यावर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. मी विंडोज नव्यानं टाकायचा पेनड्राइव्ह खोचायला गेलो, तर दुकानाच्या मालकांनी हात धरला. “आरं थांब की. मेली म्हणून कुणी सांगितलं तुला?”

मशिनला हात न लावता त्यांनी आधी फाउंड्रीच्या अकाउंटंट काकांना विचारलं, “हे कधी होतंय?” काका म्हणाले, “सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी. एरवी झ्याक चालतोय.” मालक हसले आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं सेटिंग, उघडलं. तारीख कितीतरी वर्षं मागची.

सुट्टीला जाताना वॉचमन मेन स्विच पाडायचा. पीसी बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएसचे, म्हणजे पॉवर सप्लायचे, ५ व्होल्ट स्टँडबाय मदरबोर्डाला मिळत राहतात; त्यावरच बायोसची सेटिंग तग धरून होती. वीज गेली की सगळा भार बोर्डावरच्या गोल सेलवर, सीआर २०३२ वर. तो ३ व्होल्टचा सेल कधीचाच उतरलेला. सेटिंग पुसली गेली, बूट मोड, म्हणजे विंडोज सुरू करायची पद्धत, जुन्या लिगसीवरून नव्या यूईएफआयवर आला आणि जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज बोर्डाला सापडेना. डिस्क ठणठणीत! सेल बदलला, मोड पूर्ववत केला, झालं. माझा पेनड्राइव्ह चालला असता तर काकांच्या सगळ्या हिशेबावर नांगर फिरला असता.

तेव्हापासून बायोसमध्ये मी दोन याद्या वेगळ्या बघतो. एक, साटा पोर्टवर, म्हणजे डिस्कची केबल लागते तिथं, काय जोडलंय त्याची. दुसरी, बूट कशावरून करायचं त्याची. पहिल्या यादीत डिस्कचा मॉडेल नंबर दिसतोय, दुसरीत नाही, तर दोष बहुधा सेटिंगचा किंवा विंडोजच्या बूट फायलींचा. साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, नेहमीच्या एएचसीआयवरून हलला असेल तर डिस्क दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. मॉडेल नंबरच दिसत नसेल तर मात्र स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा.

आधी वीज बंद, मग केबल. डेटा केबल बदलून बघा, नंतर पोर्ट बदलून. आपल्याकडं फाउंड्रीच्या ऑफिसातली काळी धूळ इतकी बारीक असते की ती कनेक्टरच्या फटीतही शिरते, म्हणून ब्लोअर मारल्याशिवाय निदान करू नका. कुणी नुकताच एम डॉट टू एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क, बसवला होता का, हेही विचारा. बऱ्याच बोर्डांवर तो स्लॉट भरला की एकदोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण!

मग कान आणि हात. साडेतीन इंची डिस्कच्या कडेला बोट टेकवलं की मोटर फिरतेय का ते कळतं. ती मोटर १२ व्होल्टवर, म्हणजे पिवळ्या वायरीवर चालते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क लाल वायरीच्या ५ वर भागवते. त्याच कनेक्टरवर छोटी फिरली आणि मोठी नाही, तर १२ व्होल्ट मीटरनं मोजा.

आणि टक्, टक्, टक् असा ठराविक आवाज आला की लगेच बंद करा. हे मी फार महागात शिकलो. एका फोटोग्राफरची लग्नांच्या फोटोंची डिस्क होती. आवाज येत असताना ‘अजून एकदा बघू’ म्हणत मी ती सहा-सात वेळा चालू केली. शेवटी ती पुण्याला, बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढणाऱ्या लॅबमध्ये पाठवावी लागली आणि निम्मेच फोटो परत आले. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. फोटोग्राफरला फोन मात्र मलाच लावायला लावला.

नव्या लॅपटॉपचं दुखणं वेगळंच. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या कित्येक मशिनवर बायोसमध्ये एसएसडी दिसतो, पण विंडोज टाकताना यादी रिकामी. तिथं व्हीएमडी, म्हणजे एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागं ठेवणारं सेटिंग, चालू असतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड केला की डिस्क हजर. आधीपासून विंडोज असलेल्या मशिनवर व्हीएमडी बंद करायला जाऊ नका, चालू असलेलं विंडोजही उठणार नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आलेल्या डिस्कचं तर सांगायलाच नको. साध्या डिस्कच्या झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पंचगंगेचं गढूळ पाणी आत जातं. अशी डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघणारे गिऱ्हाईक भेटतातच. मी वीज न देता, न वाळवता, पिशवीत बंद करून लॅबला पाठवायला सांगतो.

आता माझ्या जॉब कार्डावर गिऱ्हाइकाच्या नावाखाली तीनच प्रश्न असतात: डेटा हवाय का, बंद पडायच्या आधी काय झालं, आणि घड्याळ चुकतंय का. शिकायला आलेल्या पोरानं ते भरल्याशिवाय मी त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देत नाही. पेनड्राइव्ह तर माझ्याच खिशात असतो.