थिनर पाण्याच्या बाटलीत नको

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या वर्कशॉपमध्ये मोठ्या डब्यातलं, रंग पातळ करायचं थिनर सर्रास पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवतात. कृपा करून हे आजच बंद करा. तहानलेला नवा पोरगा ते पिऊ शकतो, आणि ग्राइंडरची ठिणगी पडायला तर क्षणही लागत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि त्यावर पदार्थाचं नाव कन्नड व मराठी दोन्हींत लिहा, कारण एकाच शेडमध्ये दोन्ही वाचणारे असतात. बिहार-यूपीचे कामगार असतील तर हिंदीतही. शिवाय चिन्ह हवंच: लाल किनारीचा पांढरा चौकोन टोकावर उभा, आत काळी ज्वाला, म्हणजे पेट घेणारा पदार्थ. ज्वालेखाली वर्तुळ दिसलं तर अर्थ वेगळा. तो पदार्थ दुसऱ्याची आग भडकवतो, म्हणून त्याला थिनर-डिझेलच्या शेजारी ठेवायचं नाही. मार्करची शाई थिनरनं पुसली जाते, तेव्हा लेबलवर पारदर्शक टेप मारा.

फौंड्रीवाल्यांनो, वितळलेल्या धातूवर पाणी कधीच टाकू नका. त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. भट्टीजवळ कोरडी वाळू भरलेल्या बादल्या ठेवा.