मालगाडीचा फोटो काढायचाय? आधी ऊन बघा

मालगाडी किती वाजता येते, हे विचारूच नका. एक्सप्रेस कुठवर आलीय ते एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या ॲपवर, कळतं, मालगाडीचं तिथे काही मिळत नाही. प्रवासी गाड्यांच्या मधल्या फटीत कंट्रोलने सोडली की ती येते, आणि लोकलच्या गर्दीच्या वेळी बहुतेक येतच नाही. म्हणून माझा हिशोब उलटा असतो. ऊन कोणत्या वेळी कुठल्या बाजूने पडतं ते आधी ठरवायचं, तिथे जाऊन उभं राहायचं. गाडी येईल तेव्हा येईल.

मी कळंबोलीत राहते, नोकरी तळोजा एमआयडीसीत शिफ्टची. त्यामुळे माझी लाइन दिवा–पनवेल. रात्रपाळी सुटली की कोवळं ऊन आयतं मिळतं. जेएनपीटी बंदराचे कंटेनर, स्टील, तेलाचे टँकर, असं बरंच काही इथून जातं. गुजरातकडचा माल दिव्याहून वळतो आणि भिवंडी रोड, खारबाव करत वसई गाठतो. ठाणेकरांनो, मालगाडीसाठी ठाणे स्टेशनात ताटकळू नका, लोकलच्या गर्दीत नुसते धक्के खाल. सरळ निळजे, तळोजा पांचनंद नाहीतर नावडे रोड गाठा. दिव्याहून मेमू आहे, पण फेऱ्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ बघूनच निघा.

आता उन्हाचं. ही लाइन साधारण उत्तर-दक्षिण जाते, पनवेलकडे जाताना थोडी पूर्वेला कलते. म्हणजे पनवेलकडे निघालेल्या इंजिनाचं तोंड दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी हे तोंड लख्ख उजळतं. रुळांच्या पूर्वेचा फलाट धरायचा आणि त्याच्या पनवेलकडच्या टोकाला, पण फलाटावरच, उभं राहायचं. सूर्य पाठीशी येतो, आणि आपल्याकडे गाड्या डाव्या लाइनवरून धावतात म्हणून पनवेलची लाइनही जवळची मिळते. दिव्याकडे जाणाऱ्या गाडीचं मात्र थंडीत तोंड काळवंडलेलंच राहतं. तिच्यासाठी एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचनंतर पश्चिमेच्या फलाटावर जा. वसईच्या मार्गावर तिकडून दिव्याकडे येणारी गाडी सकाळी बघावी. भर दुपारी कोणतीही लाइन असो, डबे खाली काळे आणि वर पांढरे फटक दिसतात. घरी जाऊन जेवलेलं बरं.

कॅमेरा मोठाच हवा असं नाही. मोबाइल असेल तर डिजिटल झूम करू नका, पोर्ट्रेट मोड तर नकोच. फोकस इंजिनावर धरायला गेलात तर हेडलाइट त्याला फसवतो. त्यापेक्षा ओव्हरहेड वायरचा एक खांब निवडा. प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा लिहिलेली छोटी पाटी असते. त्या पाटीवर फोकस लॉक करा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा आणि इंजिन खांबापाशी पोचलं की बर्स्ट सोडा. समोरून तिरकी येणाऱ्या गाडीला शटर स्पीड १/५०० सेकंद पुरतो, बाजूने धावणारीला १/१००० लागतं. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/६० वर सुरुवात करा. वर जागा सोडायला विसरू नका. उभा असतो तो सहसा मागचा पँटोग्राफ (छतावरचा, वायरला टेकणारा सांगाडा), आणि घट्ट फ्रेम धरली की नेमका तोच कापला जातो.

बहुतेक जण इंजिन गेलं की कॅमेरा खाली ठेवतात. मला हे पटत नाही. मागे सहाशे-सातशे मीटर गाडी आहे, तिचा काहीच मान नाही का? वळणावर आतल्या बाजूने किंवा पादचारी पुलावरून अख्खा रेक, म्हणजे डब्यांची सगळी रांग, धरा. गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या लाइनवर, थांबली असेल तर फलाटावरूनच एका डब्याची बाजू नीट वाचा. पत्र्यावर प्रकार रंगवलेला असतो: कंटेनरचा सपाट डबा बीएलसी, उघडा बॉक्सएन, बंद बीसीएन, टँकर बीटीपीएन. शेजारी अकरा आकडी नंबर. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा. रिकाम्या डब्याचं वजन आणि पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीची, तारीखही तिथेच. खडूने घाईत केलेल्या खुणा, गंजलेल्या पत्र्यावरचं नवं वेल्डिंग, दारावरचं सील, असे फोटो माझ्याकडे इंजिनांपेक्षा जास्त आहेत.

इंजिन ओळखायला तसं सोपं. वॅग-९ थ्री-फेज मोटरचं, सहा हजारांवर अश्वशक्तीचं, नंबर ३१००० पासून सुरू झाले. वॅग-७ जुनं, पाच हजारांचं. दोन भाग जोडलेलं लांबलचक धूड दिसलं तर ते बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यातलं वॅग-१२बी, बारा हजारांचं. इंजिनाची देखभाल होते त्या शेडचं नाव किंवा अक्षरं अंगावर असतातच: अजनी, भुसावळ, वडोदरा, आपलं कल्याण. नंबर, शेड, जागा आणि दिशा त्याच दिवशी फाइलच्या नावात घाला. आज साधा वाटणारा फोटो उद्या मिळत नाही. २०१५ पर्यंत मुंबईत मध्य रेल्वेच्या मुख्य लाइनवर १,५०० व्होल्ट डीसी वायर होती, आणि डीसी-एसी दोन्हीवर चालणारी कल्याण शेडची वॅकॅग-१ इंजिनं मालगाड्या ओढायची. अवघी बारा होती. ज्यांनी तेव्हा फोटो काढून ठेवले, त्यांच्याकडे ती आहेत.

पावसात जरूर जा. ओल्या रुळांवर हेडलाइटची लांबलचक रेघ उमटते आणि सावल्यांचा त्रासच नाही. फक्त छत्री, सेल्फी स्टिक, मोनोपॉड काहीही वर उंचावू नका. डोक्यावर २५,००० व्होल्ट आहेत. ड्रोनचं नाव काढू नका, शेजारी विमानतळ आहे.

फलाटावर तिकीट हवंच. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, मग नवं काढा. पिवळ्या रेषेच्या चांगलं मागे राहा. लांबून न थांबता येणारी गाडी वाटते त्यापेक्षा आधी पोचते, आणि सैल ताडपत्री किंवा लोंबणारी दोरी डब्याच्या बाहेर आलेली असू शकते. फलाटाच्या उतारावरून रुळांत उतरलात तर रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशी किंवा खाडीपुलावर जाऊन कोणी फोटो काढला असेल तर तो बघा आणि सोडून द्या. माल-धक्का, तेलाचं साइडिंग, यार्ड, सगळं बाहेरूनच. रणगाडे किंवा लष्करी ट्रक लादलेली गाडी आली तर मोबाइल खिशात.

आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान आला तर आपणच पुढे होऊन तिकीट दाखवावं. 'दादा, छंद आहे, इंजिनांचे फोटो काढते' एवढं बोलून स्क्रीनवरचे दोन फोटो दाखवले की बहुतेक वेळा काम भागतं. आधी स्टेशन मास्तरांना विचारून ठेवलं असेल तर आणखी बरं. 'बंद करा' म्हणाले तर बंद करावं, वाद घालू नये. पुढची मेमू पकडून नावडेला जाता येतं.