प्रौढांच्या एडीएचडी सेवेत सहाय्यक मानसशास्त्रज्ञ आहात? या चुका टाळा

बेळगावात प्रौढांच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांची लहानपणापासूनची अवस्था) सेवेत काम करताना माझ्याकडून झालेल्या, आणि नवीन रुजू होणाऱ्यांकडून अजूनही होताना दिसणाऱ्या काही चुका इथे लिहिते. बहुतेकींचं मूळ एकच आहे: आपण आकडा लिहून घेतो आणि हकिगत विचारायची राहून जाते. उदाहरणांतले तपशील ओळख लपवण्यासाठी बदलले आहेत.

गुण आले म्हणजे निदान झालं असं समजणं

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची प्रश्नावली आपण रोज वापरतो. तिच्यात 18 प्रश्न आहेत. पहिले 6 चाळणीचे. त्यांतली 4 किंवा जास्त उत्तरं ठरलेल्या रकान्यांत पडली, तर पुढे सविस्तर तपासणी करायची. ती चाळणी आहे, तिथे निदान होत नाही.

चिकोडी भागातला एक ऊस उत्पादक आला होता. सहावा प्रश्न मी वाचून दाखवला, अंगात मोटार लावल्यासारखं सतत काहीतरी करत राहावं लागतं असं किती वेळा होतं? तो लगेच म्हणाला, "रोजच की मॅडम. रात्री अडीचला थ्री-फेज येतंय, मोटार चालू करायला उठायलाच लागतंय." मी 'फार वेळा'वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. संध्याकाळी पर्यवेक्षकांना नोंदी वाचून दाखवताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग हा माणूस झोपतो कधी?" विहिरीवरची मोटार मी कागदावर लक्षण म्हणून चढवली होती! पुढच्या भेटीत विचारलं तेव्हा कळलं, पाण्याच्या पाळीच्या दिवसांत त्याची झोप तुकड्यातुकड्यांनी मिळून चार तास. दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला दिली आणि बाकी सगळं त्यानंतर बघायचं ठरलं.

तेव्हापासून 'फार वेळा' असं उत्तर आलं की मी विचारते, "मागच्या आठवड्यात कधी झालं? काय झालं ते सांगा बघू." जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. 'विसराळूपणा आढळतो' या नोंदीतून डॉक्टरांना काही कळत नाही. 'गॅसवर दूध ठेवून दुकानात गेले, शेजारणीनं हाक मारली' यातून कळतं.

भाषा गृहीत धरणं

आपल्याकडे माणूस घरी मराठी बोलतो, ऑफिसात कन्नड, आणि मुलांचा अभ्यास इंग्रजीत घेतो. आडनावावरून भाषा ठरवू नका. आधी विचारा, "कुठल्या भाषेत बोललं तर बरं वाटेल?" प्रश्नाचं मराठी दर वेळी मनानं करू नका. 'कधीकधी' आणि 'बऱ्याचदा' यांतला फरक तुमच्या तोंडी बदलला की गुणही बदलतात. टीमनं मिळून शब्द एकदा ठरवावेत आणि सगळ्यांनी तेच वापरावेत. तुम्हाला कन्नड कमी येत असेल तर कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याला बसवा. नवऱ्याला किंवा भावाला दुभाषा करू नका, त्यांच्यासमोर माणूस अर्धंच बोलतो.

"लहानपणी काही नव्हतं" यावर थांबणं

2013 च्या डीएसएम-5 (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) प्रमाणे 17 वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीत, लक्ष न लागणं आणि अतिचंचलता-उतावीळपणा या दोन गटांपैकी एका गटातली किमान 5 लक्षणं लागतात. त्यांतली बरीच वयाच्या 12 वर्षांआधीपासून असायला हवीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी रोजचं जगणं अडायला हवं. म्हणून आईवडिलांशी बोलणं आलंच.

खानापूर तालुक्यातली एक आई मला म्हणाली, "काही नव्हतं ओ, गुणी होता." मी तसंच लिहून फाईल बंद करणार होते. सहज विचारलं, "याच्यासाठी असं काय करायला लागायचं, जे धाकट्यासाठी कधी लागलं नाही?" ती जरा थांबली. मग सांगायला लागली: रोज रात्री दप्तर तीच भरायची, कंपासपेटी दोऱ्यानं दप्तराला बांधलेली असायची, एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्षी ती पहाटे चारपासून त्याच्या शेजारी बसून राहायची, उठली की तोही उठायचा. तिच्या लेखी हे आईचं नेहमीचं काम होतं. ते सुटलं मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यावर, आणि वर्षभरात त्याची तिसरी नोकरी चालू होती. हा एक प्रश्न मी आता कुणालाच विचारायचा सोडत नाही. जुनं प्रगतीपुस्तक मिळालं तर तेही मागवा. गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे वाचा.

बायकांच्या बाबतीत जास्त सावध राहा. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिची नोंद कुठेच नसते. आणि सासरी ती 'आळशी' ठरते.

थायरॉइड, नैराश्य, दारू यांनीही लक्ष उडतं. ते वेगळं करणं मनोविकारतज्ज्ञांचं काम, विचारून लिहून ठेवणं आपलं.

न आलेल्याला 'रस नाही' म्हणून काढून टाकणं

वेळ विसरणं हेच ज्याचं दुखणं आहे, त्याचं नाव दोन वेळा चुकला म्हणून यादीतून काढणं मला अन्यायाचं वाटतं. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी फोन करा. निपाणीहून येणाऱ्याला बसची वेळ विचारून मगच वेळ द्या. घरी भरायला पाच फॉर्म दिले तर एकही परत येत नाही, म्हणून समोर बसवून भरून घ्या. फोन कुणाचा आहे हेही आधी विचारा. घरात एकच मोबाईल असेल आणि तो सासऱ्यांकडे असेल, तर मेसेजमध्ये सेवेचं नाव नको. इथे प्रत्येकाचा कुणीतरी पाहुणा निघतोच.

गोळीबद्दल सल्ला देणं

"मॅडम, अर्धी वाढवू का?" असं हमखास विचारतात. उत्तर 'नाही' किंवा 'हो' यांपैकी काहीच द्यायचं नाही. प्रश्न, वेळ आणि त्रास लिहून त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू असेल तर रक्तदाब, नाडी आणि वजन प्रत्येक भेटीत फाईलवर आलं पाहिजे. हे औषध 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की मेडिकलमध्ये चौकशी करा, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

तुम्ही सहाय्यक आहात हेही पहिल्या भेटीतच सांगा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

आणि उठता उठता, दाराशी, कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर ते पुढच्या भेटीवर ढकलू नका. परत बसवा, एकटं सोडू नका, पर्यवेक्षकांना तिथेच बोलवा. घरी जाताना हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर लिहून द्या. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.