दहावीची मराठी कृतिपत्रिका : येत असूनही गुण जातात ते कुठे?

कुमारभारती, म्हणजे राज्य मंडळाच्या दहावीतली प्रथम भाषा मराठी; तिची लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. प्रश्नपत्रिकेलाच इथे कृतिपत्रिका म्हणतात आणि प्रश्नाला कृती. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास (व्याकरण) १६ आणि उपयोजित लेखन (पत्र, बातमी, जाहिरात, निबंध वगैरे) २४. ही वाटणी मुलांना तोंडपाठ असते, तरी अभ्यास धड्यांचा होतो आणि लेखन 'तेव्हाचे तेव्हा बघू' म्हणून मागे राहते. पुढच्या बहुतेक चुका उत्तर न येण्याच्या नाहीत. कृतीत नेमके काय मागितले आहे ते न पाहण्याच्या आहेत.

पहिल्याच विभागात तास घालवणे. १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. या हिशेबाने गद्याला चाळीस मिनिटे, तर उपयोजित लेखनाला सुमारे ५४ मिनिटे येतात. ताजेतवाने असताना गद्याची उत्तरे लांबतात आणि शेवटचा निबंध पंधरा ओळींत गुंडाळला जातो. घरी सराव करताना सात गुणांचा एक उतारा, वाचनासकट, सोळा मिनिटांत संपतो का ते घड्याळ लावून पाहा.

स्वमतात उतारा पुन्हा लिहिणे. पठित गद्यात आकलनाचे २ + २ आणि स्वमताचे ३ गुण असतात. आकलनात उताऱ्यातले शब्द हवेत. स्वमतात तेच शब्द उतरवले की गुण कापले जातात. पहिल्या वाक्यात आपले म्हणणे, मग त्याला उताऱ्यातला एखादा आधार, मग उताऱ्याबाहेरचे एक उदाहरण; पाच-सहा वाक्ये पुरतात. आकलनाच्या आकृत्या पेननेच काढायच्या, हे कृतिपत्रिकेच्या सूचनांतच छापलेले असते. पट्टी-पेन्सिलने चौकटी सजवण्यात मिनिटे घालवू नका.

रसग्रहण म्हणजे भावार्थ, असा समज. सर्वांत महागडी चूक हीच. चार गुणांच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन अंगे अपेक्षित असतात. बहुतेक उत्तरांत एकच अर्थ तीन परिच्छेदांत फिरवून लिहिलेला असतो आणि मध्ये 'कवीने अत्यंत समर्पक शब्द वापरले आहेत' हे पाठ केलेले वाक्य. ते कोणत्याही कवितेला चिकटते, म्हणूनच त्याला किंमत नाही.

समजा ओळ अशी आहे : 'पावसाने अंगणाला पैंजण घातले.' आशयात लिहायचे, की पहिल्या सरीने सुने अंगण जिवंत झाले. काव्यसौंदर्यात, की पाऊस माणसासारखा वागतो, म्हणून चेतनगुणोक्ती. आणि 'पैंजण' या एका शब्दामुळे थेंबांचा नाद कानावर येतो. भाषेबद्दल, की शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, ओळ छोटी आहे, त्यामुळे चित्र पटकन उभे राहते. तिन्ही ठिकाणी ओळीतला शब्द बोट ठेवून दाखवला आहे. अलंकार ओळखता आला नाही तर नाव ठोकून देऊ नका. कोणत्या शब्दाने काय परिणाम साधला तेवढे लिहा.

दोन कवितांपैकी एकीवर मुद्दे लिहायच्या कृतीत अर्धे मुद्दे एका कवितेचे, अर्धे दुसरीचे, असे करू नका. एकच निवडा.

भाषाभ्यास 'सोपा' म्हणून सोडणे. द्वंद्व समासात विग्रह चुकतो. 'बहीणभाऊ' म्हणजे बहीण आणि भाऊ, पण 'खरेखोटे' म्हणजे खरे किंवा खोटे, आणि 'मीठभाकर' म्हणजे मीठ, भाकर वगैरे. सगळीकडे 'आणि' घातले की प्रकारही चुकतो. वाक्प्रचाराच्या वाक्यात तो वाक्प्रचारच यायला हवा, त्याचा अर्थ नव्हे; अर्थ संदर्भातून कळायला हवा. 'त्याचा कंठ दाटून आला' एवढ्याने अर्थ उघड होत नाही. 'मुलीला निरोप देताना आईचा कंठ दाटून आला' याने होतो.

लेखननियमात गोंधळ ऱ्हस्व-दीर्घाचा. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ : मूल, पूल, बहीण. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : मुलाला, पुलावर, बहिणीला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून आलेले शब्द मात्र जसेच्या तसे : गुण, विष, मंदिर, आणि 'शरीर'चे 'शरीराला'च. 'महत्त्व', 'उज्ज्वल', 'आशीर्वाद', 'कवयित्री' हे चार शब्द दहा-दहा वेळा लिहून काढा. निबंधात ते हमखास येतात.

उपयोजित लेखनात प्रश्न उतरवणे. या विभागात सूचना, निवेदन, आकृती लिहून घेऊ नये असे कृतिपत्रिका सांगते, तरी अर्धे पान त्यातच जाते. पत्रात स्वतःचे नाव-पत्ता टाकू नका, दिलेलेच वापरा. पत्राचे प्रारूप डळमळीत असेल तर सारांशलेखन घ्या : गद्य विभागातल्या अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश. उतारा ९० शब्दांचा असेल तर सारांश तीसच्या आसपास. तीन वाक्ये उचलून जोडली की सारांश होत नाही. उदाहरणे गाळायची आणि मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा.

बातमीत 'आम्हांला खूप आनंद झाला' आले की ती बातमी राहत नाही. शीर्षक, स्थळ, दिनांक, मग घडलेले भूतकाळात आणि तृतीय पुरुषात. जाहिरातीत उलट : लांब वाक्ये नकोत, ग्राहकाला काय मिळणार ते ठळक हवे आणि संपर्क विसरायचा नाही. आत्मकथनात 'मी झाड बोलतोय' अशी सुरुवात करून तिसऱ्या परिच्छेदात 'झाडे आपल्याला सावली देतात' असे लिहिणारे पुष्कळ. लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांवर नजर फिरवा. कुठे निवेदक बदलला ते लगेच सापडते.